कुत्र्याचं खाणं निवडताना: त्याच्या तब्येतीला मानवेल आणि आपल्या मनालाही पटेल असं

पहिल्यांदाच कुत्रा पाळणारा माणूस दुकानात खाण्याच्या पाकिटांसमोर उभा राहिला की गोंधळतो. प्रत्येक पाकिटावर चकचकीत केसांचा कुत्रा, ताज्या मांसाचा तुकडा आणि मागे हिरवंगार कुरण. चित्रातल्या कुरणाचा आतल्या मांसाशी काही संबंध असेलच असं नाही.

निवड करताना प्रश्न दोनच असतात. हे खाणं माझ्या कुत्र्याला मानवेल का? आणि ते तयार होताना इतर जनावरांचे, माणसांचे, जमिनीचे आणि समुद्राचे किती हाल झाले? मला विचाराल तर हे प्रश्न वाटतात तेवढे वेगळे नाहीत. कच्चा माल नेमका कुठून येतो हे ज्या कंपनीला ठाऊक असतं, तिलाच दोन्हींची उत्तरं देता येतात. पण क्रम सोडू नका. आधी तब्येत पाहा, मग बाकीचं. अपुऱ्या खाण्याने कुत्रा आजारी पडला तर आपण कुणावरच दया केलेली नसते.

पायरी १: पाकिटाआधी कुत्रा बघा

वय, वजन, नसबंदी झाली आहे की नाही, दिवसभरात किती पळतो, काही आजार आहे का, एवढं कागदावर लिहा. मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड यांचा आजार असेल किंवा लघवीत खडे होत असतील, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांचं ऐका. त्या कुत्र्यांचा आहार हा उपचाराचा भाग असतो.

मग त्याच्या फासळ्यांवरून हात फिरवा. स्वतःच्या हाताच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी सहज लागतात, तशा त्या लागायला हव्यात. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर कुत्रा हडकला आहे, आणि तळहातासारख्या दाबून शोधाव्या लागल्या तर सुटला आहे. वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. बरेच पशुवैद्य हीच तपासणी १ ते ९ अशा मापाने करतात. ४ किंवा ५ आलं म्हणजे ठीक.

आता खुराकाचा हिशेब. सूत्र अवघड दिसतं, पण मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. कुत्र्याचं वजन किलोमध्ये घ्या, त्याचा घन करा, लागोपाठ दोनदा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. १० किलोच्या कुत्र्यासाठी १०००, मग ३१.६, मग ५.६२ आणि शेवटी साधारण ३९४ किलोकॅलरी. नुसतं पडून राहण्यासाठी लागणारी ही ऊर्जा झाली. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणायचं, म्हणजे दिवसाला ६३० च्या आसपास. नसबंदी न झालेल्याला १.८. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ३ आणि त्यापुढच्या वाढत्या पिल्लाला साधारण २. वजन उतरवायचं असेल तर आजचं वजन न घेता जे असायला हवं ते घ्या आणि १ नेच गुणा. मात्र हे डॉक्टरांच्या देखरेखीत करा. वजन दुप्पट झालं म्हणून खाणं दुप्पट होत नाही, हेही याच सूत्रातून कळतं: २० किलोच्या कुत्र्याचा मूळ आकडा ७८८ येत नाही, साधारण ६६२ येतो.

पाकिटावर १०० ग्रॅममध्ये किती कॅलरी आहेत ते शोधा. ३६० असतील तर आपल्या १० किलोच्या कुत्र्याला दिवसभरात १७५ ग्रॅम झाले. हे वजनकाट्यावर मोजा. वाटीने मोजलं की रोज थोडं थोडं वाढत जातं. आकडाही सुरुवातीपुरताच धरा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फासळ्या चाचपा आणि त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

या पायरीवर मी मुद्दाम रेंगाळतो आहे, कारण सगळ्यात मोठा फायदा इथेच होतो. २००२ मध्ये एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं गेलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे कुत्रे ज्याहून जास्त जगले ते वय) १३ वर्षं भरलं, भावंडांचं ११.२ वर्षं. सांधेदुखीचे उपचारही त्यांना उशिरा सुरू करावे लागले. (हा अभ्यास कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या कंपनीचाच होता. कमी खाऊ घाला असं सांगणारा विक्रेता विरळाच.) शिवाय गरजेपेक्षा जास्त दिलेला प्रत्येक घास म्हणजे कुठल्यातरी जनावराचं फुकट गेलेलं मांस. दुसऱ्या प्रश्नाचं काम इथेच सुरू होतं आणि त्याला महागडं पाकीट लागत नाही.

पायरी २: बारीक अक्षरातलं एक वाक्य शोधा

पाकिटाची पुढची बाजू जाहिरातीची असते. ते उलटं करा आणि हे खाणं ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहे असं सांगणारं वाक्य शोधा. इंग्रजीत त्याला ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ म्हणतात. युरोपातल्या मालावर नुसतं ‘कम्प्लीट’ असतं. या वाक्यात कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी हेही लिहिलेलं असतं: प्रौढ, वाढतं पिल्लू किंवा सर्व वयांसाठी. ‘पूरक’ किंवा ‘अधूनमधून देण्यासाठी’ असं असेल तर तो खाऊ आहे, त्यावर कुत्रा जगवायचा नाही.

या वाक्याबरोबर बहुतेक वेळा अमेरिकेच्या ‘आफ्को’ किंवा युरोपच्या ‘फेडिआफ’ या संस्थेचं नाव असतं. या संस्था कुठल्याही पाकिटाला मान्यता देत नाहीत. कोणती पोषकद्रव्यं किती हवीत याचे तक्ते त्या ठरवतात आणि कंपनी आपलं खाणं त्यात बसतं असं सांगते. आफ्कोच्या तक्त्यात पाण्याचा अंश वगळून प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के आणि पिल्लासाठी २२.५ टक्के प्रथिनं आहेत.

मोठ्या जातीचं पिल्लू असेल, म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावर ३२ किलोच्या पुढे जाणारं, तर वाक्याचा शेवट खास वाचा. अशा पिल्लांसाठी खाणं योग्य आहे की नाही याचा तिथे वेगळा उल्लेख असतो. कोवळ्या वयाच्या पिल्लांच्या शरीराला जादाचं कॅल्शियम अडवता येत नाही. जेवढं येईल त्यातलं बरंचसं शोषलं जातं आणि हाडं-सांधे बिघडतात. हाडं मजबूत व्हावीत म्हणून वरून कॅल्शियमची पावडर घालणारे लोक नेमकं उलटं काम करत असतात.

पायरी ३: घटकांची यादी, पण डोळसपणे

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि हे वजन शिजवण्यापूर्वीचं, पाण्यासकट धरलेलं असतं. ताज्या कोंबडीत साधारण ७० टक्के पाणीच असतं. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर ‘ताजं चिकन’ दिसलं म्हणून कोरड्या दाण्यांत सर्वांत जास्त तेच असेल असं नाही. उलट ‘चिकन मील’ म्हणजे पाणी आणि चरबी काढून टाकलेली भुकटी. ती तिसऱ्या क्रमांकावर असली तरी प्रथिनांचा मोठा वाटा तिचा असू शकतो. आणखी एक युक्ती असते: वाटाणे, वाटाण्याचं पीठ, वाटाण्याची प्रथिनं, वाटाण्याचा कोंडा असे एकाच वस्तूचे तुकडे पाडायचे, म्हणजे प्रत्येक तुकडा यादीत मांसाच्या खाली जातो.

नावातही खाचाखोचा आहेत. अमेरिकेच्या नियमांत ‘बीफ डॉग फूड’ असं सरळ नाव द्यायचं तर पाणी वगळता ९५ टक्के बीफ लागतं. ‘बीफ डिनर’ म्हटलं की २५ टक्के पुरतं. ‘विथ बीफ’ म्हटलं की ३ टक्के, आणि ‘बीफ फ्लेवर’ म्हणायला चव ओळखू येण्यापुरतं. युरोपात ‘विथ’साठी ४ टक्के लागतात.

कोरडं आणि ओलं खाणं एकमेकांशी ताडून बघायचं तर आधी दोन्हींतलं पाणी काढून टाका. डब्यातल्या खाण्यात ९ टक्के प्रथिनं आणि ७८ टक्के पाणी असेल तर उरलेल्या २२ भागांत ९, म्हणजे ४१ टक्के. कोरड्यात २४ टक्के प्रथिनं आणि १० टक्के पाणी असेल तर ९० भागांत २४, म्हणजे साधारण २७ टक्के. छापील आकडे पाहून बहुतेकांचा समज उलटा होतो.

पायरी ४: कोणत्या शब्दांना भुलायचं नाही

‘प्रीमियम’, ‘सुपर प्रीमियम’, ‘होलिस्टिक’, ‘वंशपरंपरागत आहार’ या शब्दांमागे पोषणाचा कुठलाही नियम नाही.

‘ग्रेन फ्री’ची गोष्ट जरा मोठी आहे. कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य पचत नाही, असा प्रचार बरीच वर्षं चालू आहे. प्रत्यक्षात माणसाबरोबर राहून कुत्र्याची पचनशक्ती बदलली. स्टार्च पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, हे २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांच्या गटाने दाखवून दिलं. पुढे जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक चौकशी जाहीर केली. वाटाणे, मसूर, बटाटे यांचं प्रमाण जास्त असलेलं खाणं खाणाऱ्या काही कुत्र्यांचं हृदय फुगल्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि त्यात धान्यविरहित खाणं बरंच होतं. कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही आणि नवी ठोस माहिती मिळेपर्यंत नियमित माहिती देणं डिसेंबर २०२२ मध्ये थांबवण्यात आलं. धान्य सोडण्याचं वैद्यकीय कारण नसेल तर हा धोका उगाच का पत्करायचा, एवढंच माझं म्हणणं.

‘अॅलर्जी असेल’ म्हणून धान्य सोडणाऱ्यांनाही सांगायला हवं: कुत्र्यांत अन्नाची अॅलर्जी सर्वांत जास्त आढळते ती बीफ, दुधाचे पदार्थ आणि चिकन यांची. गहू त्यानंतर येतो. खात्री करण्याचा भरवशाचा मार्ग एकच. किमान आठ आठवडे डॉक्टरांनी ठरवलेला मोजका आहार द्यायचा, मग जुनं खाणं परत देऊन बघायचं. केस किंवा लाळ पाठवून करायच्या चाचण्यांवर पैसे घालू नका.

आता ‘बाय-प्रॉडक्ट’. हा शब्द वाचून लोक नाक मुरडतात आणि ‘नो बाय-प्रॉडक्ट्स’ हे शब्द अभिमानाने छापले जातात. बाय-प्रॉडक्ट म्हणजे प्रामुख्याने कलेजी, फुप्फुसं, प्लीहा, मूत्रपिंडं. आफ्कोच्या व्याख्येत केस, शिंगं, दात आणि खूर त्यातून वगळले आहेत. कलेजीत जेवढी जीवनसत्त्वं असतात तेवढी छातीच्या मऊ मांसात नसतात. कुत्र्याला तर ही चव जास्तच आवडते.

पायरी ५: हे मांस आलं कुठून?

बाय-प्रॉडक्टचा धागा इथे पुढे न्यायचा आहे. माणसांच्या खाण्यासाठी मारलेल्या जनावराचे माणूस न खाणारे भाग कुत्र्याला दिले, तर त्याच्यासाठी वेगळं जनावर मारावं लागत नाही. उलट कुत्र्याच्या भांड्यात माणसाच्या पंगतीतलं निवडक मांस आलं की तो आपल्याच वाट्याचं मांस खाऊ लागतो. त्यामुळे ‘माणसांच्या दर्जाचं’ हा शिक्का मला नैतिक वाटत नाही. बऱ्याचदा तो उलट्या दिशेला नेतो. कॅलिफोर्नियातले भूगोलाचे प्राध्यापक ग्रेगरी ओकिन यांनी २०१७ मध्ये हिशेब मांडला की अमेरिकेत पशुपालनामुळे पर्यावरणावर पडणाऱ्या भारापैकी २५ ते ३० टक्के वाटा कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचा आहे. बाय-प्रॉडक्टवर किती भार टाकायचा यावरून अशा हिशेबांत वाद होतात आणि ते रास्तही आहेत. तरी निवडक मांसाकडे कल वाढला की भार वाढतो, हे त्या वादातही टिकतं.

मग कोणत्या जनावराचं मांस घ्यायचं? इथे सोपं उत्तर नाही. किलोमागे सर्वांत जास्त हरितगृह वायू गोमांसाच्या वाट्याला येतात, म्हणून हवामानाचा विचार करणारा माणूस चिकनकडे वळतो. पण एका मोठ्या जनावरातून शेकडो किलो मांस मिळतं आणि एका कोंबडीतून दोनेक किलो. म्हणजे तेवढ्याच मांसासाठी कितीतरी जास्त जीव, आणि तेही बहुतेक वेळा अशा जातींचे ज्यांचं वजन इतक्या झपाट्याने वाढवलं जातं की पायांना ते पेलवत नाही. सहाएक आठवड्यांत त्यांचं आयुष्य संपतं. हवामान की जिवांची संख्या, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी स्वतः ‘कुठलंही मांस, पण अवयवांचं जास्त आणि पाळण्याची पद्धत तपासलेली’ या बाजूचा आहे.

‘तपासलेली’ म्हणजे कंपनीबाहेरच्या कुणीतरी. पाकिटावर ‘आनंदी कोंबड्या’ लिहायला काही लागत नाही. मांसाच्या कोंबड्यांसाठी ‘केज-फ्री’ म्हणणंही जवळजवळ निरर्थक आहे, कारण पिंजरे प्रामुख्याने अंड्यांच्या कोंबड्यांसाठी असतात. मांसाच्या कोंबड्या बहुतेक ठिकाणी मोठ्या शेडमध्ये जमिनीवरच दाटीवाटीने वाढवतात. ‘हार्मोन्स दिलेले नाहीत’ हेही तसंच: कोंबड्यांना वाढीची संप्रेरकं देणं अमेरिका आणि युरोपात मुळातच बेकायदा आहे. शिक्का बघायचा तर ब्रिटनचा ‘आरएसपीसीए अॅशुअर्ड’, अमेरिकेचा ‘सर्टिफाइड ह्यूमेन’, युरोपचं सेंद्रिय मालावरचं हिरवं पान, असे बघा. यांचे नियम जाहीर आहेत आणि ते किती कडक आहेत हे वाचून ठरवता येतं. मग शिक्का नक्की कशाला लागू आहे तेही वाचा. ‘सेंद्रिय गाजर’ असलेल्या खाण्यात कोंबडी सेंद्रिय असेलच असं नाही.

माशांच्या बाबतीत समुद्रातल्या माशांसाठी एमएससी या संस्थेचा निळा शिक्का आणि मत्स्यशेतीतल्या माशांसाठी एएससी या संस्थेचा हिरवा शिक्का बघावा. माशांमागे माणसंही आहेत. थायलंडच्या मासेमारी बोटींवर वेठबिगार म्हणून राबवलेल्या लोकांची हकिकत २०१५ मध्ये पत्रकारांनी उघडकीस आणली. त्यांनी पकडलेल्या बारक्या माशांचा एक भाग जनावरांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या खाण्यात जात होता. नुसतं ‘ओशन फिश’ किंवा ‘फिश मील’ लिहिलेलं असेल आणि माशाची जात व पकडलेली जागा नसेल, तर कंपनीला विचारायला हवं. याच कारणासाठी ‘मीट मील’, ‘अॅनिमल डेरिव्हेटिव्हज’ अशा जनावराचं नाव नसलेल्या घटकांपेक्षा ‘चिकन मील’, ‘लँब लिव्हर’ असे घटक मला बरे वाटतात. नाव छापलं की त्याला जागावं लागतं.

कोरडं की ओलं? ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये १० किलोच्या कुत्र्याचा वर्षाचा हिशेब केला. कोरड्या खाण्यावर सुमारे ८२८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार, तर डब्यातल्या ओल्या खाण्यावर ६,५४१ किलो. ओल्या खाण्यात प्राणिज भाग जास्त असतो, हे त्यामागचं एक मोठं कारण. हे आकडे दुसऱ्या ठिकाणी जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. दातांचा किंवा पाणी कमी पिण्याचा प्रश्न नसेल तर रोजचं कोरडं ठेवावं आणि ओलं वरून थोडं.

पायरी ६: मांसाशिवाय?

मांजर मांसाशिवाय जगू शकत नाही असं म्हणतात तेव्हा त्यामागे ठोस कारणं आहेत. हृदय आणि डोळ्यांना लागणारं टॉरिन हे द्रव्य तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, हे त्यातलं एक. कुत्रा मिथिओनिन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांपासून टॉरिन बनवतो. म्हणून नीट आखलेल्या शाकाहारी खाण्यावर निरोगी प्रौढ कुत्रा राहू शकतो. ब्रिटिश व्हेटरिनरी असोसिएशन या पशुवैद्यांच्या संघटनेचा अशा आहाराला आधी विरोध होता. २०२४ मध्ये तिने तो मागे घेतला. मात्र आहार पोषणाच्या दृष्टीने पूर्ण हवा ही अट ठेवली. ही अट हलक्यात घेऊ नका. ‘कम्प्लीट’ असं न लिहिलेलं शाकाहारी पाकीट, किंवा आपल्याच जेवणातला वाढलेला शाकाहारी घास, यावर कुत्रा ठेवायचा नाही. पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री यांच्यावर हा प्रयोग करू नये. सुरू केला तर डॉक्टरांना सांगा आणि वर्षातून एकदा रक्त-लघवी तपासा.

मधला मार्ग म्हणून कीटकांचं खाणं आलं आहे. त्यात बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या असतात. प्रथिनं चांगली, जागा कमी लागते. या अळ्यांना खायला काय घालतात ते विचारा. फळं-भाज्यांच्या कारखान्यातल्या चोथ्यावर वाढवल्या तर फायदा खरा; धान्याचं चांगलं खाद्य घालून वाढवल्या तर तो बराच घटतो.

पायरी ७: घरी शिजवायचं असेल तर

मनापासून करणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० पाककृती तपासल्या आणि २०१३ मध्ये निकाल दिला: ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी होतं. बऱ्याच पाककृती पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं, त्यामुळे नुसत्या मांस-धान्यावर वाढलेल्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात. पशुपोषणात तज्ज्ञ असलेल्या पशुवैद्याकडून आपल्या कुत्र्यासाठी पाककृती लिहून घ्या आणि मग तिच्यात फेरफार करू नका. ‘आज हे नव्हतं म्हणून ते घातलं’ इथेच घसरगुंडी सुरू होते.

कच्चं मांस मी सुचवणार नाही. साल्मोनेला आणि लिस्टेरिया कुत्र्याला आजारी पाडोत न पाडोत, ते त्याच्या भांड्यातून, तोंडातून आणि शीमधून घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचतात. गोठवून वाळवल्याने हे जंतू मरत नाहीत. शिजवलेली हाडंही नकोत, ती टोकदार फुटतात.

खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, मॅकाडेमिया नावाचा सुकामेवा, दारू, आणि झायलिटॉल ही साखरेऐवजी वापरतात ती गोडी घातलेलं काहीही (च्युइंगगम, काही पीनट बटर) अजिबात नाही. यातलं काही पोटात गेलं तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

पायरी ८: कंपनीला पत्र लिहा

दोन-तीन पाकिटं निवडलीत की ग्राहकसेवेच्या पत्त्यावर ही विचारणा पाठवा. पाककृती कोणी तयार केली आणि त्या व्यक्तीचं पशुपोषणातलं शिक्षण काय? खाणं स्वतःच्या कारखान्यात बनतं की दुसऱ्याच्या? कच्चा माल आल्यावर कोणत्या चाचण्या होतात? मांस आणि मासे कोणत्या देशांतून येतात, पाळण्याची पद्धत कोण तपासतं? पामतेल आणि सोयाबीन जंगलतोड न करता पिकवलेलं आहे याचा पुरावा काय?

चाचण्यांविषयी विचारण्यामागे इतिहास आहे. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत अनेक कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे रसायन मिसळलेलं निघालं. प्रथिनं मोजण्याची नेहमीची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि मेलामाइनमध्ये तो भरपूर असतो. स्वस्त माल त्यामुळे कागदावर भारी ठरला. शेकडो वेगवेगळ्या नावांची पाकिटं परत मागवावी लागली, कारण वेगवेगळ्या ब्रँडचा माल मोजक्याच कारखान्यांत बनत होता.

आणखी एक प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत: खाण्याची चाचणी कोणत्या कुत्र्यांवर केली? आफ्कोच्या प्रौढ कुत्र्यांसाठीच्या चाचणीत किमान ८ कुत्रे २६ आठवडे तेच खाणं खातात आणि त्यातल्या ६ नी ती पूर्ण करावी लागते. हे कुत्रे कुठे राहतात, त्यांना फिरायला, खेळायला, माणसांत वावरायला मिळतं का, चाचणी संपल्यावर त्यांचं काय होतं? काही कंपन्या लोकांच्या घरच्या कुत्र्यांवर चवीच्या चाचण्या घेतात. शरीराला इजा होईल असे प्रयोग करत नाही हे लेखी धोरण काहींकडे असतं; ते मागा.

नेमकं उत्तर आलं तर कंपनीला माल कुठून येतो ते ठाऊक आहे. ‘आम्ही सर्वोत्तम दर्जाचेच घटक वापरतो’ एवढंच आलं तर तिला ठाऊक नाही किंवा सांगायचं नाही. दोन्ही बाबतींत पुढचं पाकीट घ्या. सगळ्या कसोट्यांवर उतरणारं खाणं बहुधा मिळणार नाही. तब्येतीच्या अटीत तडजोड करू नका, बाकीच्यांपैकी तुम्हाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या दोन धरून ठेवा.

पायरी ९: बदल सावकाश

नवं खाणं एकदम सुरू केलं तर पोट बिघडतं. ७ ते १० दिवस घ्या: आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण, मग पूर्ण. शी घट्ट आणि उचलता येईल अशी हवी. पहिले एक-दोन दिवस सैल झाली तर त्याच टप्प्यावर थांबा. रक्त दिसलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा कुत्रा मलूल पडला तर डॉक्टर गाठा. महिन्या-दोन महिन्यांत वजन, केस, खाज आणि उत्साह यांवरून खाणं मानवलं का ते कळेल. मानवलं असेल तर नवीन जाहिरात आली म्हणून बदलू नका.

कोरडं खाणं त्याच्या मूळ पिशवीतच, तोंड घट्ट बांधून, कोरड्या आणि २७ अंशांपेक्षा थंड जागी ठेवा. डब्यात ठेवायचं तर पिशवीसकट ठेवा. डब्याच्या आतल्या भिंतीला लागलेली जुनी चरबी खवट होते आणि नव्या मालाला लागते. उघडल्यापासून साधारण सहा आठवड्यांत संपेल एवढंच मोठं पाकीट आणा. पिशवीवरचा लॉट नंबर शेवटचा दाणा संपेपर्यंत जपून ठेवा. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मक्यातल्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, खाण्यात सापडलं आणि काही आठवड्यांत १०० हून अधिक कुत्रे दगावल्याच्या नोंदी झाल्या. आपल्या घरातली पिशवी परत मागवलेल्या मालातली आहे की नाही, हे लोकांना त्या नंबरावरूनच कळलं.